वर्सोवा ते वर्सोवा, व्हाया न्यूयॉर्क

अंधेरी पश्चिमेला एखादा गाळा रिकामा दिसला की समजून जावं, इथे आता पिलाटीज येणार.

आधी तिथे इस्टेट एजंट होता. मग ब्यूटी पार्लर, मग कपकेक, मग मोबाइलची कव्हरं. आता पांढऱ्या भिंती, कोपऱ्यात मनी प्लांट, दाराशी फायबरचा बुद्ध आणि आत सहा यंत्रं. बुद्धाने डोळे घट्ट मिटलेत. समोरच रेटकार्ड लावलंय.

रेटकार्डाची मांडणी बघण्यासारखी असते. सुट्या सत्राचा भाव मुद्दाम इतका चढा, की माणूस दचकून पॅकेजमागे लपावा. तीन महिन्यांचं घ्या, सहाचं घ्या, वर्षाचं घेतलंत तर वर एक महिना फुकट. 'फुकट' ऐकताच उपनगरी माणसाचा कणा आपोआप ताठ होतो.

तेवढाच व्यायाम.

पैसे भरले की दोनच जाती उरतात. एक, जे पुन्हा उगवत नाहीत. धंदा त्यांच्या जिवावर चालतो. देव त्यांना उदंड आयुष्य देवो. दुसरे, जे वसूल करायला येतात. आजचा विषय ते.

वसूलवाल्यांना तासाची साठ मिनिटं लागतात, एकोणसाठ चालत नाहीत. शेजारणीने दहा वेळा पाय उचलला तर यांनी पंधरा. तिच्या यंत्राला लाल स्प्रिंग? मग मलाही लाल. लग्नाच्या बुफेत पनीर तीनदा घेणारा माणूसच इथे प्लँक तीनदा धरतो. आहेराचं पाकीट आधीच गेलंय ना!

फक्त इथलं गणित उलटं आहे. ओढाताण करेल त्याच्या पदरात कमी पडतं.

रिफॉर्मर नावाचं ते यंत्र एकदा नीट बघा. खाटेएवढी चौकट. तिच्यावर रुळांवरून मागेपुढे सरकणारी गादीची फळी. फळीला खालून स्प्रिंगा, हातापायांसाठी पट्टे, एका टोकाला दांडा. उताणं झोपायचं, पाय दांड्यावर टेकवायचे आणि ढकलायचं. फळी सरकते. सोपं आहे.

परत येणं सोपं नाही. स्प्रिंग फळीला खेचून घ्यायला टपलेली असते. तिला खेचू न देता, श्वास सोडत, इंचाइंचाने फळी तुम्ही आणायची. नवखा माणूस ढकलताना शूर असतो आणि येताना सुटतो. धाडकन आवाज होतो. बाई शांतपणे म्हणतात, 'सर, आवाज नको.' अख्ख्या तासाची विद्या त्या तीन शब्दांत आहे. सर मात्र स्प्रिंग वाढवून मागतात.

वाढवून मागतात, आणि त्यातच फसतात. कित्येक प्रकारांत स्प्रिंग हलकी केली की काम अवघड होतं, कारण फळीचा आधार जातो आणि धड सावरायची जबाबदारी पोटावर येते. भारी स्प्रिंग मागणारे गृहस्थ खरं तर सवलत मागत असतात. त्यांना ते कळत नाही.

बाईंना कळतं. पण वर्षाचं पॅकेज आहे.

आता ही सगळी अमेरिकेची देणगी असं कुणी सांगितलं, तर त्याला घाटकोपरला मेट्रोत बसवून द्या. शेवटचं स्टेशन वर्सोवा. तिथे उतरून शंभर वर्षं मागे जायचं. रिक्षावाले तिथेही येत नाहीत, चालतच जावं लागेल.

२५ डिसेंबर १९१८. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर दादाभाई नौरोजींचा 'द सँड्स' नावाचा बंगला. तिथे एकविशीतल्या एका तरुणाने योगाचा वर्ग काढला. नाव मणिभाई हरिभाई देसाई. गडी गुजरातचा, कुस्तीचा शौकीन, सेंट झेवियर्समधलं शिक्षण अर्धवट टाकून मालसरच्या परमहंस माधवदासजींच्या मागे गेलेला. पुढे तो श्री योगेंद्र या नावाने ओळखला गेला. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत दादाभाईंचे जावई होमी दादिना. 'द योगा इन्स्टिट्यूट'चा जन्म हा असा झाला. वर्सोव्याला, समुद्रासमोर, जागेसकट.

आजचे भाव बघता योगेंद्रांच्या सिद्धींमध्ये ही पहिली धरावी.

त्या काळी योग म्हणजे जटा, भस्म आणि 'पोरगा हातचा गेला' ही घरच्यांची धास्ती. योगेंद्रांनी ते उलटवलं. कचेरीत जाणाऱ्याला, पोट सुटलेल्याला, घरी बायकामुलं असलेल्याला योग शिकवायचा, असं त्यांनी ठरवलं. स्वतःही संसार थाटला. पत्नी सीतादेवींनी १९३४ साली खास बायकांसाठी योगावर पुस्तक लिहिलं. पुढे संस्था सांताक्रूझ पूर्वेच्या प्रभात कॉलनीत स्थिरावली. २०१८ मध्ये तिने शंभरी गाठली, आणि आजही ती चालू आहे.

अंधेरीपासून दोन स्टेशनं. पण तिथे फायबरचा बुद्ध नाही, त्यामुळे आमच्या लोखंडवाल्याला विश्वास वाटत नाही.

योगेंद्र १९१९ सालीच अमेरिकेला गेले. न्यूयॉर्क राज्यात, बेअर माउंटनच्या परिसरात त्यांनी योगाचं केंद्र काढलं. काही वर्षांनी परतले.

आणि पिलाटीज? योगेंद्र वर्सोव्यात वर्ग जमवत होते, त्याच्या आगेमागे जोसेफ पिलाटीज नावाचा जर्मन ब्रिटिशांच्या छावणीत स्थानबद्ध होता. जन्म १८८३, म्योन्शेनग्लाडबाखचा. लहानपणी दमेकरी आणि अशक्त, मोठेपणी मुष्टियोद्धा. पहिल्या महायुद्धात 'शत्रुराष्ट्राचा माणूस' म्हणून त्याला आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबलं. तिथे तो बरोबरच्या कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. आजची वर्षाची पॅकेजं बघता, गिऱ्हाईक पळून न जाण्याची युक्ती तिथूनच आली असावी.

१९२६ साली तो न्यूयॉर्कला पोचला. एट्थ अव्हेन्यूवर त्याचा स्टुडिओ. आजूबाजूला नाचाचे क्लास, त्यामुळे मोडकेतोडके नर्तक आयते दारात. आपल्या पद्धतीला तो 'कंट्रोलॉजी' म्हणायचा. शरीर मनाच्या ताब्यात, हे सूत्र. १९४५ च्या पुस्तकात त्याने सतरंजीवर करायचे चौतीस व्यायाम दिले. यंत्राशिवाय, गाळ्याशिवाय, घरच्या घरी करायचे चौतीस.

हे पुस्तक रेटकार्डाशेजारी लावलेलं मी अजून पाहिलं नाही.

श्वासाचं इतकं माहात्म्य सांगणारा हा गृहस्थ स्वतः सिगार ओढायचा. गुरूचं बोलणं ऐकावं, वागणं बघू नये, हा नियम एट्थ अव्हेन्यूलाही लागू होता तर!

तेव्हा हिशेब असा. वर्सोव्याहून योग न्यूयॉर्कला गेला. जर्मनीहून पिलाटीज न्यूयॉर्कला गेलं. आणि न्यूयॉर्कहून दोघं हातात हात घालून वर्सोव्याला उतरले, ते मॅट, मोजे आणि जीएसटी लावून. मोजेसुद्धा साधे चालत नाहीत. तळाला रबरी ठिपके असलेलेच हवेत.

बोरिवलीच्या काकांना हा इतिहास पटत नाही. 'अहो, हे पिलाटीज-बिलाटीज सगळं आपल्या पतंजलींनी लिहून ठेवलंय.' काका, पतंजलींची सूत्रं १९५-१९६. त्यांतली आसनांवर जेमतेम तीन. तीही स्थिर आणि सुखाने बसता यावं एवढ्यापुरती. लाल स्प्रिंगेचा उल्लेख नाही. पुढची जवळपास सगळी खटपट मनाची.

काका सूत्रं वाचत नाहीत. काका फॉरवर्ड करतात.

एक कोर्टाची गोष्ट काकांनीच काय, सगळ्यांनी फॉरवर्ड करावी अशी आहे. २००० साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने निकाल दिला की 'पिलाटीज' हे एका व्यायामपद्धतीचं नाव आहे, त्यावर कुणा एकाला ट्रेडमार्क सांगता येणार नाही. निकाल रास्तच होता. पण परिणाम? पाटी कुणीही लावावी. योगाची तर पाटी लावायलाही लागत नाही, गच्ची पुरते.

मग शिकवणारा ओळखायचा कसा? एक सोपी खूण आहे. पहिल्या दिवशी तो तुम्हाला किती प्रश्न विचारतो ते मोजा. नाव, मोबाइल आणि 'पेमेंट यूपीआय करताय ना?' एवढेच विचारले, तर चपला घाला. कंबर कधी धरली होती का, रक्तदाब आहे का, डोळ्यांचं काही, हर्निया, सिझेरियन, गुडघा, चक्कर, गोळ्या कसल्या घेता, असं खोदून विचारलं तर बसा.

पण आपण खरं सांगू तेव्हा ना. मुलुंडच्या सोसायटीत कुणाच्या पित्ताशयात किती खडे आहेत हे वॉचमनला ठाऊक असतं. योगाच्या बाईंना मात्र 'काही नाही हो, एकदम फिट!' लपवायचं ते नेमकं तिथेच.

आणि मग शीर्षासन.

शीर्षासनाने केस काळे होतात, बुद्धी तल्लख होते, म्हणे. डोळ्यांतला दाब दुपटीपर्यंत वाढतो, हे मात्र 'म्हणे'तलं नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो मोजलेला आहे. काचबिंदू असलेल्या माणसाने डोकं खाली पाय वर करण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरला विचारावं. केस काळे करायला बाजारात स्वस्त पर्याय आहेत.

साठीच्या बायकांची गोष्ट याहून गंभीर. हाडं ठिसूळ झालेली आणि क्लासमध्ये 'कपाळ गुडघ्याला लावा' असा गजर. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८४ सालीच दाखवलं होतं, की हाडं ठिसूळ असलेल्या ज्या बायकांना पुढे वाकण्याचे व्यायाम दिले, त्यांच्या मणक्यांना पुढे कितीतरी जास्त इजा झाल्या. मागे ताणण्याचे व्यायाम केलेल्यांना कमी. पश्चिमोत्तानासन असो की पिलाटीजचा 'रोल अप', मणक्याला नाव कळत नाही, वाकणं कळतं. पण शेजारच्या नलूताईंचं कपाळ लागतं ना गुडघ्याला!

लागू दे. नलूताईंचे हात लांब आहेत की पाय आखूड, हे ठरवून आपल्याला कुठे स्थळ बघायचंय?

अय्यंगार गुरुजींनी यावर केव्हाच उपाय काढला होता. १९३७ साली ते पुण्याला शिकवायला आले आणि पुण्याचेच झाले. पुणेकरांना वाकवणं सोपं नसतं हे त्यांनी लवकर ओळखलं असावं. त्यांनी लाकडी विटा आणल्या, पट्टे आणले, भिंतीला दोर लावले, घडीची खुर्ची आणली. हात जमिनीला पोचत नाही? जमीन हाताकडे आणा. साठीचा गुडघा, वाकडी पाठ, हृदयविकाराचा रुग्ण, सगळ्यांना आसन करता आलं. ती वीट आज जगभरच्या योगवर्गांत दिसते.

आमच्या वर्गात ती कोपऱ्यात पडून असते. घेतली तर लोक काय म्हणतील?

लोक काही म्हणत नाहीत हो. लोक आरशात बघत असतात. आरसा नसेल तिथे मोबाइल लावलेला असतो, बाटलीला टेकवून. वीरभद्रासन धरलं, रील झालं, हात खाली. श्वास घ्यायचा राहिला? एडिटिंगमध्ये संगीत घालू.

मन-शरीराचा व्यायाम असं याला म्हणतात. शरीर मॅटवर असतं हे कबूल. मन साकीनाक्याच्या सिग्नलला.

ते तिथून आणायचं कसं, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर इतकं स्वस्त आहे की कुणी विकत नाही. एका वेळी एकच जागा पकडा. वृक्षासनात उभे आहात ना? मग फक्त तळवा. टाच टेकलीय का, अंगठ्याच्या मुळाशी वजन आहे का, करंगळीची बाजू उचललीय का? डोळे समोरच्या एका ठिपक्यावर. श्वास धरून ठेवायचा नाही, तो सोडताना घेतल्यापेक्षा जरा लांबवायचा. तोल जाईल. जाऊ दे. पुन्हा तळवा. पिलाटीजवालेही हेच सांगतात, फक्त इंग्रजीत आणि महाग. दहा वेळा नीट केलं तर शंभर वेळा उरकायची गरज पडत नाही.

विरार लोकलमध्ये बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत एका पायावर उभी राहणारी बाई वृक्षासनात का डगमगते, याचं मला फार दिवस कोडं होतं. साधं आहे. लोकलमध्ये पडायला जागाच नसते.

शंभर वेळा उरकण्यावरून सूर्यनमस्कार आठवले. रथसप्तमी आली की मैदानात १०८ चा गजर. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घराघरांत आणि आपल्या संस्थानच्या शाळांत नेले, त्यावर पुस्तक लिहिलं, १९३८ साली इंग्रजांनाही त्याची गोडी लावली. व्यायाम उत्तमच, वाद नाही. पण त्याच काळात आपले वर्सोव्याचे योगेंद्र काय म्हणत होते? हा व्यायाम योगात मिसळू नका. म्हणजे योगाच्या क्लासला जाऊन सूर्यनमस्कारांची संख्या सांगणाऱ्याला दोन्ही बाजूंनी गुण नाहीत.

असो. औंधकर आणि वर्सोवेकर दोघंही दीर्घायुषी ठरले, तेव्हा आपण मधे पडू नये.

'पण योग चांगला की पिलाटीज?' हा प्रश्न घाटकोपरच्या किटी पार्टीत हमखास येतो. ढोकळ्याबरोबर.

वैद्यकीय पुरावे चाळून बघणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिने जुन्या कंबरदुखीसाठी दोन्ही तपासले. पिलाटीजच्या दहा चाचण्या, ५१० माणसं, अहवाल २०१५ चा. काहीच न करण्यापेक्षा बरं. इतर व्यायामांपेक्षा सरस? तसा ठोस पुरावा नाही. योगाच्या एकवीस चाचण्या, २,२२३ माणसं, अहवाल २०२२ चा. काहीच न करण्यापेक्षा थोडं बरं. पाठीच्या इतर व्यायामांपेक्षा? फारसा फरक नाही.

म्हणजे सामना बरोबरीत, आणि ढोकळा जिंकला.

यातून शहाण्याने काय घ्यावं? जे जवळ आहे, परवडतं आणि पुढच्या महिन्यातही कराल, ते करा. कंबरदुखी घालवायला बोरिवलीहून अंधेरीला रिक्षाने जाणाऱ्या बाई मला ठाऊक आहेत. जाताना खड्डे, येताना खड्डे, मधे पन्नास मिनिटं मणक्याची निगा. बाई म्हणतात, 'फरक नाही पडत हो.' पडेल कसा? रिक्षाच्या स्प्रिंगा कुठल्या रंगाच्या आहेत ते आधी बघा.

आणि आठवड्यातून दोन तास मॅटवर लोळलं की बाकीच्या पाच दिवसांना माफी, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे: आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं दम वाढेल अशी हालचाल, वर दोन दिवस ताकदीचे व्यायाम. पासष्टीपुढच्यांना तीन दिवस तोल सांभाळण्याचेही. ताकदीचं आणि तोलाचं काम योग-पिलाटीज बऱ्यापैकी करतात. दमाचं काम त्यांच्या संथ प्रकारांत होत नाही. ते अंधेरीचा पूल करतो. सरकता जिना बंद असेल त्या दिवशी.

तो कधी चालू असतो, हा प्रश्न आहेच.

अंधेरीला फक्त महागच गोष्टी उगवतात असं नाही, हे इथे न सांगणं अन्याय होईल. १३ मार्च १९९५. लोखंडवाल्याच्याच एका बागेत डॉ. मदन कटारिया सकाळी पाच जणांना जमवून हसायला लागले. पहिले काही दिवस विनोद सांगून. दोन आठवड्यांत विनोद संपले. उरले ते चावट नाहीतर कुणाला तरी लागतील असे. मग डॉक्टरांनी विनोदच काढून टाकला. नुसतं हसायचं. त्यांच्या पत्नी माधुरी योग शिकवायच्या, तो श्वास त्यात घातला आणि हास्ययोग जगभर गेला. यंत्र नाही, मोजे नाहीत, पॅकेज नाही.

विनोदाशिवाय हसायची सवय महाराष्ट्राला तेव्हा लागली, ती पुढे राजकारणात उपयोगी पडली.

फुकटातला योगही उपनगरांत भरपूर आहे. ठाण्याची अंबिका योग कुटीर, आणि २०२२ पासून महापालिकेची शिव योग केंद्रं. अशा एखाद्या वर्गात डोकावून बघा. शाळेची खोली, बाकं भिंतीला लावलेली, सतरंज्या. फळ्यावर कालचा लसावि तसाच. समोर सत्तरीतले सर, पांढरा लेंगा, मनगटावर घड्याळ. सर ओरडत नाहीत, टाळ्या वाजवत नाहीत, 'यू गॉट धिस' म्हणत नाहीत. 'सावकाश' एवढंच म्हणतात आणि निघताना बजावतात, की इथे शिकलात ते घरी रोज करा, नाहीतर येऊ नका.

इथेच सगळं बिनसतं. एक महिना फुकट आपल्याला आवडतो. पूर्ण फुकट असेल तर शंका येते. आणि घरी रोज? ते तर पैसे देऊनही जमत नाही.

त्यापेक्षा २१ जून बरा. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ च्या डिसेंबरात तो ठरवला, १७७ देशांनी अनुमोदन दिलं. त्यांत एकाही देशाने मुंबईत २१ जूनला काय पडतं याची चौकशी केली नाही. मैदान चिखलात, मग हॉलमध्ये. नगरसेवक, माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, टी-शर्टवर तिघांचे फोटो. ताडासनात हात वर गेले की फोटो दिसतात, म्हणून ताडासन बराच वेळ चालतं.

भुजंगासन वगळलं जातं. पोटावर झोपलं की फोटो जमिनीकडे.

एक प्रश्न मात्र या गर्दीत कुणी विचारत नाही. सकाळी सहाला मॅटवर कोण येऊ शकतं? ज्याचा डबा दुसरं कुणीतरी भरतंय तो. घाटकोपरच्या बागेत अनुलोम-विलोम करणाऱ्या काकांचा श्वास लांब असतो, कारण काकू घरी पोळ्या लाटत असतात. काकूंची बॅच अकराची. पोरं शाळेत, नवरा ऑफिसात, मोलकरीण येऊन गेलेली असली तर. सीतादेवींना १९३४ साली बायकांसाठी वेगळं पुस्तक लिहावंसं वाटलं, ते उगाच नाही.

काका म्हणतात, 'तिला सांगतो, तू पण ये, पण तिला आवडच नाही.'

काकूंचं यावर मौन. साधना म्हणतात ती हीच.

आणि शेवटी शवासन. ज्यासाठी सगळा खटाटोप केला ती पाच मिनिटं. नुसतं पडून राहायचं, जबडा सोडायचा, जीभ सोडायची, हातपाय एकेक करून सैल. तासाभराचा व्यायाम अंगात मुरतो तो इथे. आणि नेमका इथेच वसूलवाला उठतो. 'नुसतं झोपायचं असेल तर घरी झोपू ना!' मॅट गुंडाळायची खरखर, बाटलीचं झाकण, चाव्या. कोपऱ्यातला एकजण पडल्यापडल्या रिक्षा बुक करतोय. एका ताईंचे डोळे मिटलेत खरे, पण समोरच्या इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्या त्या मोजतायत. तिसरी झाली, त्या घरातलं कुणी गॅस बंद का करत नाही?

शिकवणारी मुलगी मधोमध बसलीय. पाठ सरळ, खांदे सैल, आवाज मधासारखा. ती नालासोपाऱ्याहून येते. सकाळची ही तिची दुसरी बॅच. पहिली चार बंगल्याला एका फ्लॅटमध्ये झाली, तिथे मालकीणबाई उठल्याच नव्हत्या म्हणून वीस मिनिटं लिफ्टपाशी उभी होती. वडापाव पिशवीत आहे. कंबर तिचीही दुखते, पण ते क्लासमध्ये बोलायचं नसतं.

दिवा मंद करून ती म्हणते, 'कसलीही घाई नाही. आपल्याला कुठेही जायचं नाहीये.'

साडेआठला तिला गोरेगावला पोचायचंय.